अकरा महिन्यांचा करार, बारा महिन्यांचा कायदा

“राहिला असेल, तर कागद असेलच!” निर्वासितांच्या नागरिकत्वाचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित बैठकींत हे वाक्य हमखास ऐकू येते आणि त्यावर सगळेजण माना डोलावतात. दिसायला ते साधे आहे, तर्काला धरून आहे. अडचण एवढीच की ते खरे नाही. हे वाक्य कोण उच्चारतो ते पाहावे. ज्याच्या नावावर सदनिका आहे, ज्याच्या नावाने विजेचे बिल येते, ज्याचा भविष्यनिर्वाह निधी एकाच कारखान्यात तीस वर्षे साचला, तो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ज्यांचे बिऱ्हाड दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या मीटरवर आणि कुणा तिसऱ्याच्या ठेकेदारीवर चालते, त्यांच्यापैकी कुणी हे वाक्य उच्चारलेले मी तरी ऐकलेले नाही.

प्रथम कायदा नेमके काय मागतो ते पाहू, कारण या बाबतीत बोलणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे. १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमात आपल्या विषयाशी संबंधित अशा दोन वाटा आहेत. एक वाट नोंदणीची, कलम ५ ची. जो स्वतः किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एक जण अखंड हिंदुस्थानात जन्मला, त्याने अर्जाच्या लगतपूर्वीचे बारा महिने सलग आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षे, म्हणजे एकूण सात वर्षे, भारतात काढलेली असावीत. दुसरी वाट कलम ६ ची. तेथेही लगतपूर्वीचे बारा महिने सलग आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षे. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेश या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी त्या अकरा वर्षांची पाच वर्षे केली. तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. वर्षे कमी झाली म्हणून सर्वत्र वाजतगाजत सांगण्यात आले. ते लगतपूर्वीचे बारा महिने मात्र होते तेथेच राहिले. त्यांत खंड पडला तर २०१५ च्या दुरुस्तीनुसार केंद्र शासन विशेष कारण लेखी नोंदवून फार तर तीस दिवसांची सूट देऊ शकते. देऊ शकते, देईलच असे नाही. समजा, पिंपरीत राहणाऱ्या एखाद्या सिंधी स्त्रीची आई सक्करला वारली आणि अंत्यविधीनंतर परतीचा व्हिसा मिळण्यास तिला दीड महिना लागला. आईला अखेरचे पाहण्याच्या अपराधाबद्दल तिने मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी!

आता या बारा महिन्यांसमोर आपल्या पट्ट्यातील व्यवहार ठेवून पाहा. भाड्याच्या खोलीचा करार किती महिन्यांचा असतो? अकरा. शेंबडे पोरही हे सांगेल. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागत असे. तो खर्च आणि ती कटकट चुकवण्यासाठी अकरा महिन्यांची ही युक्ती निघाली आणि पुढे तीच रूढी झाली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने, ३१ मार्च २००० पासून, अकरा महिन्यांचा करारही नोंदवणे बंधनकारक केले. कलम ५५ ने नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आणि ती न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही सांगितली. प्रत्यक्षात काय घडते ते काळेवाडी, रहाटणी, कुरुळी, खराबवाडी, मेदनकरवाडी अशा कोणत्याही वस्तीत जाऊन पाहावे. पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या खोल्यांची रांग, टोकाला सामाईक नळ, मीटर मालकाच्या नावाचा, भाडे रोख आणि पावती नाही. करार मागितला की उत्तर तयार असते : “कागद पाहिजे असेल तर दुसरीकडे बघा.” म्हणजे कायद्याला हवेत सलग बारा महिने, मालक लिहून देणार अकरा, आणि तेही दिले तर. मधल्या त्या एका महिन्यात माणूस कोठे असतो? त्याच खोलीत. पण कागदाच्या दृष्टीने तो हवेत विरलेला असतो.

याच कलम ५५ मधील आणखी एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नाही. करार लेखी व नोंदवलेला नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरावे असे आपलाच हा कायदा म्हणतो. का? कारण कागद करणे ज्याच्या हाती होते त्याने तो केला नाही, तर त्याचा तोटा दुबळ्या पक्षाला होऊ नये. किती शहाणपणाचे तत्त्व आहे! भाड्याच्या भांडणात महाराष्ट्राने मान्य केलेले हे तत्त्व नागरिकत्वाच्या टेबलापाशी आले की उलटे होते. तेथे मालकाने न केलेल्या कागदाचा दंड भाडेकरूने भरायचा. माझा आक्षेप मुख्यतः याच गोष्टीला आहे. वास्तव्याची अट असावी की नसावी हा माझा वाद नाही. कोणत्याही देशाला ती घालण्याचा अधिकार आहे. पण ते वास्तव्य सिद्ध करण्याचे साधन ज्यांच्या हाती आहे त्यांनी ते द्यायचे नाही, आणि ज्याच्या हाती काहीच नाही त्याने ते हजर करायचे, या व्यवस्थेला न्याय कसे म्हणावे?

कुणी म्हणेल, कायद्याने वीस प्रकारचे पुरावे चालतील असे सांगितले आहे, मग तक्रार कशाची? २०२४ च्या नियमांना जोडलेली ती यादी खरोखरच उदार दिसते : शिधापत्रिका, वाहन परवाना, बँकेचे वा टपाल खात्याचे पुस्तक, विमा, विजेचे बिल, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, नगरसेवकाचा दाखला. यांतील एक असला तरी पुरे. पण ही यादी माणूस ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी देशात आला होता एवढे दाखवण्यासाठी आहे. उंबरा ओलांडल्याचा पुरावा वेगळा आणि घरात राहिल्याचा वेगळा. शिवाय या यादीतील एक विसंगती पाहण्याजोगी आहे. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या या अल्पसंख्याकांना बँकेत खाते उघडणे, पॅन, आधार व वाहन परवाना काढणे, राहण्यापुरते लहानसे घर घेणे या सवलती केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ च्या जुलैमध्ये मंजूर केल्या. म्हणजे जे कागद मिळण्याचा मार्ग २०१६ साली मोकळा करावा लागला, तेच कागद २०१४ पूर्वीचे मागायचे!

आणि स्त्रियांचे काय? घरातील करार, पावती, विमा, जे काही असेल ते पुरुषाच्या नावाने. पापड लाटून, शिवणकाम करून वीस वर्षे संसार ओढलेल्या बाईच्या नावाचा एकही चिठोरा नसतो. तिच्या राहण्याचा पुरावा शेजारणीच्या आठवणीत असतो, आणि आठवणीची साक्षांकित प्रत काढता येत नाही.

सर्वांत चमत्कारिक बाब अशी की, ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत त्यांच्यापैकी व्हिसावर आलेल्यांची नोंद शासनापाशीच असते. परकीय नागरिक म्हणून त्यांना पोलिसांकडे नोंदणी करावी लागते, मुदतवाढ घ्यावी लागते, पत्ता बदलला तर कळवावे लागते. माणूस कोठे राहतो हे ज्या शासनाने वर्षानुवर्षे आपल्या वहीत लिहून घेतले, त्याने पुन्हा त्याच माणसाला विचारावे की तू येथे होतास याला पुरावा काय? त्यातही आपल्या भागाची एक खास गुंतागुंत आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. त्याआधी पिंपरी पुणे शहर पोलिसांकडे होती आणि चाकण पुणे ग्रामीणकडे. त्या दिवशी कित्येक माणसांनी आपली खाटसुद्धा हलवली नाही, पण त्यांचे पोलीस कार्यालय बदलले. पाच-सात वर्षांचे सातत्य दाखवायचे तर दोन दप्तरे पालथी घालावी लागणार. ते काम दप्तराने करावे की अर्जदाराने रजा टाकून?

हे सारे असेच असावे लागते असे मानू नये. आपल्या राज्यघटनेचे अनुच्छेद ६ काढून वाचावे. फाळणीच्या आगीतून लोंढे येत होते तेव्हा घटनाकारांनी काय केले? १९ जुलै १९४८ पूर्वी जो आला आणि तेव्हापासून येथेच राहिला, तो नागरिक. त्यानंतर जो आला त्याने अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी आणि अर्जापूर्वी सहा महिने येथे राहिलेला असावा. सहा महिने! तिजोरी रिकामी, अन्नधान्याची टंचाई आणि सरहद्दीवर युद्ध, अशा काळात त्या राष्ट्राला सहा महिने पुरेसे वाटले. त्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतींपैकी एक म्हणजे आपली पिंपरी. तिला आजही लोक पिंपरी कॅम्प म्हणतात. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना येथे १९५४ साली आला. औद्योगिक विकास महामंडळ त्यानंतरचे. नगरपालिका १९७० ची आणि महानगरपालिका १९८२ ची. म्हणजे या उद्योगनगरीचे आद्य रहिवासी मोजायला बसलो तर गावकऱ्यांखालोखाल निर्वासित येतात. आपण कॅथलिक कुटुंबे बहुतांशी त्यांच्यानंतरची : कुणी नगर-जालन्याकडून, कुणी गोव्याहून, कुणी वसईहून, मंगळूरहून, केरळहून, कारखान्याच्या भोंग्यामागे आलेली. आपल्याला कुणी बारा महिन्यांचा हिशेब विचारला नाही, कारण आपण सरहद्द ओलांडली नव्हती. त्यात आपले कर्तृत्व काडीचेही नाही.

आणि सरहद्द तरी कोणती? १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीचा धर्मप्रांत १९४८ साली मुंबईपासून वेगळा झाला; तोवर कराचीतील ख्रिस्तसभा मुंबईच्या महाधर्मप्रांताचीच होती. भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांचा जन्म १९०० साली कराचीचा. पोटापाण्यासाठी कराचीला गेलेल्या गोमंतकीय घराण्यांची गणती नाही. त्यांच्यापैकी जे फाळणीनंतर तेथेच राहिले, ते एका रात्रीत परदेशस्थ झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गोव्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी ज्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ख्रिस्ती गृहस्थांना या नव्या नियमांखाली नागरिकत्वाचे प्रमाणपत्र दिले, ते गोव्यातच जन्मलेले, गोवामुक्तीपूर्वी पाकिस्तानात शिक्षणासाठी गेलेले आणि २०१३ साली परतलेले होते. जन्मभूमीत राहून आपण जन्मभूमीत राहतो हे सिद्ध करायला त्यांना अकरा वर्षे लागली. समारंभाची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्या अकरा वर्षांत त्यांनी कोणकोणत्या दारांत फाईल धरून उभे राहायचे ते कुणी छापले नाही.

येथे आपल्यापैकी काहींना समाधान वाटते, आणि त्या समाधानाविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. सहा धर्मांच्या यादीत ख्रिस्ती आहेत ना, मग आपली तक्रार नाही, असा हा सूर. हा सूर मला अत्यंत हिणकस वाटतो. तमिळ हिंदू आणि तमिळ ख्रिस्ती श्रीलंकेतून जीव मुठीत धरून आले. ते यादीत नाहीत, कारण देश चुकला. पाकिस्तानातील अहमदिया यादीत नाहीत, कारण धर्म चुकला. म्यानमारमधून आलेले ख्रिस्ती चिन यादीत नाहीत. एकाच रांगेतील दोन खोल्यांत, त्याच सामाईक नळावर दोन कुटुंबे तितकीच वर्षे राहिली, तर एकाला पाच वर्षे पुरतात आणि दुसऱ्याला अकरा; दुसरा विनापरवाना आला असेल तर अकराही पुरत नाहीत, कारण २००३ च्या दुरुस्तीने त्याला बेकायदा स्थलांतरित ठरवून दोन्ही वाटा बंद केल्या आहेत. वास्तव्य ही जर राहण्याची गोष्ट असेल, तर ती धर्मागणिक आखूड-लांब कशी होते? आपल्याला आखूड गज मिळाला म्हणून गज खोटा आहे हे सांगायचे सोडायचे का? मत्तयलिखित शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या प्रसंगी परक्याला घरात घेतले की नाही, एवढाच प्रश्न विचारला जातो. तो परका कोणत्या यादीतला होता याची चौकशी त्या न्यायासनाने केल्याचे आढळत नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. खोटे कागद करून देणाऱ्या टोळ्या आहेत, सरहद्दीपलीकडील शत्रुत्व खरे आहे, एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे घडले ते कुणी विसरलेले नाही. पण या मुद्द्यावरून निष्कर्ष कोणता निघतो? खोटे कागद करणाऱ्याची फाईल नेहमीच परिपूर्ण असते. महिना सुटत नाही, शिक्का पुसट नसतो. खंड पडतात ते खऱ्या माणसाच्या कागदांत. म्हणून ज्याला सुरक्षितता हवी आहे त्याने कागद मोजण्यापेक्षा चौकशी करावी. घरी जावे, पंचनामा करावा, वाणी, शाळामास्तर, शेजारी यांचे जबाब घ्यावेत, आपल्याच दप्तरातील नोंदी पडताळाव्यात. खंड दिसला तर तो चौकशीचा आरंभ ठरावा. आज तो अर्जाचा शेवट ठरतो. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीच्या पुराव्यासाठी आपल्याच नागरिकांची काय वणवण झाली ते या शहराने पाहिले आहे. तेथेही खोटी नावे घुसली आणि खरी माणसे अपात्र ठरली.

अर्ज पुढे न पाठवण्याचा रोगही जुनाच आहे. १९६४ ते १९६९ या काळात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमांचे अर्ज अरुणाचलात स्थानिक पातळीवर अडवून ठेवले जात. ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते केंद्राकडे पाठवण्याचा आदेश दिला, आणि २०१५ साली त्याला त्याच प्रश्नावर पुन्हा आदेश द्यावा लागला. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात नागरिकत्वाची वाट शक्य तितकी सुकर करण्यास सांगितले आहे, पण भारताने त्यावर स्वाक्षरी केलेली नाही. तेव्हा बाहेरच्या कायद्याचा आधार नाही. जे करायचे ते येथेच.

ते करण्यात आपल्या धर्मग्रामांचा वाटा थोडा नाही. नव्या नियमांत अर्जदार अमुक समाजाचा आहे असा दाखला त्या समाजाच्या स्थानिक प्रतिष्ठित संस्थेने द्यावा अशी सोय आहे. ख्रिस्ती अर्जदार आला तर तो आपल्या धर्मगुरूंच्या दारी येईल. श्रद्धेचा दाखला सरकारी कामासाठी द्यावा का, याविषयी माझ्या मनात शंका आहेत; कुणाचा विश्वास शिक्का मारून प्रमाणित करावा ही कल्पनाच मला रुचत नाही. परंतु वास्तव्याचा दाखला ही निराळी बाब आहे. आपल्या स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या हे या देशातील जुन्या व विश्वासार्ह दप्तरांपैकी एक. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे हजारो पोलिश निर्वासितांची, बहुसंख्य कॅथलिकांची, वसाहत होती. तेथेही बाळे जन्मली, लग्ने झाली, माणसे पुरली गेली. अशा विस्थापितांच्या आयुष्यात कित्येकदा हीच वही तेवढी मागे उरते. मग आज आपण या वह्यांत पत्त्याच्या रकान्यात काय लिहितो? ‘पिंपरी’. नाहीतर ‘चाकण’. एवढेच! घरक्रमांक नाही, गल्ली नाही, मालकाचे नाव नाही. पूर्ण पत्ता आणि तारीख लिहायला लेखनिकाला आणखी एक मिनिट लागेल.

आणि आपल्यापैकी ज्यांनी निवृत्तीच्या पैशांतून वरचा मजला चढवून चार खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांच्याशी तर मला सरळच बोलायचे आहे. भाड्याची पावती देणे कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे. करार नोंदवणेही तुमच्यावरच आहे. अकरा महिने संपले की दुसरा करार त्याच दिवसापासून सुरू व्हावा, मध्ये आठवडाही मोकळा सोडू नये. भाडेकरू सिंधी असो, बिहारी असो, मराठवाड्यातला असो, त्याच्या बायकोचे नावही करारात घालावे. अर्जासोबत अर्जदाराच्या वर्तनाविषयी एका भारतीय नागरिकाचे प्रतिज्ञापत्र लागते. ते देण्यासाठी दहा वर्षांच्या भाडेकरूला वकिलाच्या ओळखीचा भाडोत्री साक्षीदार शोधावा लागू नये, खालच्या मजल्यावरचे तुम्ही आहात. लहानसा कारखाना चालवणाऱ्यांनी ठेकेदाराकडून दरमहा भविष्यनिर्वाह निधीचे चलन मागून घ्यावे आणि त्यात कामगारांची नावे आहेत की नाहीत ते स्वतः वाचून पाहावे. येत्या महिन्यात ज्यांचे करार संपत आहेत त्यांनी नोंदणीची वेळ आताच ठरवावी, आणि गेल्या वर्षीच्या न दिलेल्या पावत्या वहीवरून उतरवून, तारीख घालून, सही करून देऊन टाकाव्यात.